मोळीला हात कोण लावणार?

गेल्या गळीत हंगामाच्या आरंभी एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मी एका साखर कारखान्याच्या मोळीपूजनाला गेलो होतो. गव्हाणीत पहिली मोळी पडली, नारळ फुटला, हारतुरे झाले आणि मग अध्यात्मावर व्याख्याने देणारे एक पाहुणे बोलावयास उभे राहिले. आदल्याच आठवड्यात बीड जिल्ह्यातून आलेल्या टोळ्यांतील बायामाणसे मांडवाच्या कडेला उभी होती. खुर्च्या अर्थातच इतरांसाठी होत्या. पाहुण्यांच्या बोलण्याचा आशय असा : तुम्हाला पंढरीला जाण्याची गरज नाही. फड हेच तुमचे पंढरपूर आणि कोयता हीच तुमची वीणा. सावता महाराजांना मळ्यात देव भेटला, तुम्हाला तो उसात भेटेल. फळाची आशा न धरता काम करीत राहा, यापरते अध्यात्म नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणारे सारे खुर्च्यांवर बसलेले होते.

परतीच्या वाटेवर बरोबरच्या एका तरुण कार्यकर्त्याने यावर शेरा मारला, "सर, म्हणूनच मी म्हणतो, हे संतबिंत आपण सोडून दिले पाहिजे. शोषणाला शेंदूर फासायच्या कामी येतात ते." त्याचा संताप मला मान्य होता, निष्कर्ष मान्य नव्हता. पाहुण्यांचे प्रवचन आणि आमच्या कार्यकर्त्याचा संताप या दोहोंच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. रोजच्या कामात परमार्थ असतो याचा अर्थ 'जे काम वाट्याला येईल ते निमूटपणे करीत राहावे' असा दोघेही लावतात. एकाला तो अर्थ सोयीचा वाटतो, दुसऱ्याला घातक वाटतो, एवढाच काय तो फरक. तो अर्थच खोटा आहे, हे दाखविण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम काम म्हणजे काय ते पाहू. ऊसतोडीत पुरुष आणि बाई मिळून 'एक कोयता' होतो. माणसांची मोजदाद अवजाराच्या नावाने व्हावी, यातच पुष्कळ काही आले. पुरुष बुडख्यापासून ऊस तोडतो. बाई पाचट सोलते, वाढे छाटते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपर्यंत नेते. मोळी बांधून झाली की ती एकटीला डोक्यावर घेता येत नाही. शेजारणीला हाक मारावी लागते, "हात लाव गं." शेजारीण आपली मोळी खाली ठेवते आणि हात लावते. हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

आता ज्या संतांच्या नावाने हे प्रवचन झाले त्यांच्याकडे वळू. आपला बीड जिल्हा या परंपरेच्या मधोमध वसलेला आहे. गोदावरीच्या पलीकडे पैठणला एकनाथ, पूर्वेला परळीच्या शेजारी गंगाखेडला जनाबाई, दक्षिणेला तेरला गोरोबा आणि आमच्या टोळ्या ज्या मुलखात ऊस तोडावयास जातात त्या सोलापूर जिल्ह्यात अरणला सावता माळी, मंगळवेढ्याला चोखामेळा. या पाचही जणांच्या ज्या कथा लोकांनी सातशे-चारशे वर्षे सांभाळल्या, त्यांत देव काय करतो?

जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. रात्र सरता सरत नाही, दळण संपता संपत नाही, तेव्हा विठ्ठल येतो आणि जात्याच्या खुंट्याला हात घालतो. तो शेणी वेचू लागतो, पाणी भरू लागतो. एकनाथांच्या वाड्यात तो श्रीखंड्या नावाचा गडी होऊन कावडीने पाणी वाहतो. चोखोबांबरोबर तो मेलेली गुरे ओढतो. गोरोबांच्या घरी तोच मडकी घडवितो. सावता माळी पंढरपूरला जात नाही, तर पांडुरंग स्वतः त्याच्या मळ्यात येतो. कथांचा तपशील ऐतिहासिक आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु लोकांनी देवाची कोणती कल्पना जतन केली याचा तो बिनतोड पुरावा आहे. या कथांतील देव काम करणाऱ्याची पूजा घेत विटेवर उभा राहात नाही. तो खाली उतरतो आणि हात लावतो. 'तुझे दळण हीच भक्ती, तेव्हा दळीत राहा' असे उंबऱ्यातून सांगून तो निघून गेला, अशी एकही कथा मला आढळलेली नाही.

मराठी संतपरंपरेतील श्रमाच्या अध्यात्माची कसोटी यात आहे. ज्याच्या येण्याने काम करणाऱ्याचा भार हलका होतो, त्याला तेथे देव म्हणावे. ज्याच्या येण्याने भार तेवढाच राहतो आणि वर आणखी एक उपदेश डोक्यावर बसतो, त्याला काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे.

आणखी एक भेद प्रवचनकार हेतुतः विसरतात. सावता माळी आणि गोरा कुंभार हे आपापल्या कामाचे धनी होते. मोटेला बैल कधी जुंपायचे, वाफ्याला पाणी किती द्यायचे, भाजी कधी खुडायची, हे सावता ठरवी. चाक, चिखल आणि आवा गोरोबांच्या हाताखाली होता. अशा माणसाला आपल्या कामात देव दिसला तर त्यात नवल नाही. त्याच्या कामात त्याची बुद्धी, त्याची नजर आणि त्याचा जीव होता. कार्ल मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत परात्मतेचे जे विवेचन केले, त्याचे मर्म नेमके याच्या उलट अवस्थेत आहे : काम करताना माणूस स्वतःपासून तुटलेला असतो आणि काम संपल्यावरच तो स्वतःकडे परत येतो. सावत्याच्या मळ्यात ही तूट नव्हती. फडात ती आहे. कोणता फड तोडायचा, केव्हा तोडायचा, गाडी रात्री दोनला भरायची की पहाटे चारला, यांपैकी काहीही तोडणाऱ्याच्या हाती नाही. तेव्हा फडाला सावत्याचा मळा म्हणणे हा सावत्याचाही अपमान आहे.

आणि चोखोबा? त्यांच्या वाट्याला धनीपण कधीच आले नाही. परंपरा सांगते की १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि वेठीला धरलेल्या मजुरांबरोबर चोखोबा गाडले गेले. आजच्या भाषेत बोलायचे तर आपल्या एका थोर संतकवीचा अंत बांधकामावरील अपघातात झाला. ढिगाऱ्यातून नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखून काढल्या, कारण त्यांतून विठ्ठलाचे नाव ऐकू येत होते, अशी कथा आहे. या कथेने वेठ पवित्र ठरविली काय? मुळीच नाही. वेठीला लावणाऱ्यांना जे केवळ हाडांचे ढीग वाटले त्यांत एक थोर माणूस होता, एवढे तिने सांगितले. वेठ पवित्र आहे असे वेठबिगार कधी म्हणत नाही. तसे म्हणण्याची गरज वेठ घेणाऱ्यालाच भासते.

आता त्या फळाच्या आशेकडे येऊ. गीतेच्या फलत्यागाचा उपदेश आपल्याकडे मजुरीच्या दिवशी फार आठवतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ऐकणारे कोण होते? घरदार, नोकरी, शिक्षण सोडून आलेले सत्याग्रही. ज्यांच्याजवळ सोडण्यासारखे काही होते आणि ज्यांनी ते आपखुशीने सोडले होते, त्यांच्यापुढे फलत्यागाची मीमांसा चालली होती. अर्थशास्त्राचा शिक्षक या नात्याने मला येथे एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो : त्याग करावयास फळ प्रथम हाती यावे लागते की नाही? जे हाती आलेच नाही ते सोडले असे म्हणणे हा हिशेबातील लबाडीचा जुना प्रकार आहे. ज्याचे फळ दुसऱ्याने नेले तो त्यागी ठरत नाही. तो नाडलेला ठरतो.

हिशेबच मांडू. जानेवारी २०२४ मधील करारानुसार तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ रुपयांचे ३६६ रुपये झाले. एक कोयता, म्हणजे दोन माणसे, दिवसाकाठी दोन टनांच्या आसपास ऊस तोडतात असे धरले, तर बारा-चौदा तासांचे, दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात, माणशी ३६६. ही वाढ संघटनांनी दिलेल्या लढ्याने मिळाली आणि तिचे मोल मी कमी लेखीत नाही. पण हे पैसेदेखील हंगामात हाती पडत नाहीत. दिवाळीपूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल आधी फिटावी लागते. एक दिवस काम बुडाले तर 'खाडा' पडतो आणि खाड्यापोटी दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत कापले जातात. कमाई माणशी ३६६ आणि दंड ५०० पर्यंत, हे कोष्टक जगातील कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात बसत नाही. चैत्र-वैशाखात गावी परतावे तो उचल पुरी फिटलेली नसते आणि पुढल्या हंगामाचे जोखड मानेवर तसेच असते. हा माणूस फळाची आशा न धरताच काम करीत आहे. त्याला आणखी निष्काम करावयास प्रवचनकाराची जरुरी नाही.

शरीराच्या हिशेबाचे आकडे याहून भयंकर आहेत. २०१९ साली विधिमंडळात सरकारनेच मान्य केले की मागील तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढण्यात आल्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली तिच्यात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभराचे, १५ ते ४९ वयोगटाचे हेच प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट तंतोतंत सारखे नसतील हे मान्य करूनही या तफावतीचा अर्थ लपत नाही. तळावर न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पाणी नाही. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी आणि काम बुडाले तर खाडा. मग अंगदुखी आणि अंगावरून जाण्याच्या तक्रारी सुरू होतात, खाजगी दवाखाना 'पिशवी काढून टाका' असा सल्ला देतो आणि बाई तिशी-पस्तिशीत म्हातारी होते.

गोरोबांची कथा येथे आठवल्याशिवाय राहात नाही. नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडविताना त्यांचे रांगते मूल पायाखाली आले आणि त्यांना ते कळले नाही. कथेत पांडुरंग ते मूल परत देतो. फडाच्या बांधावर, पाचटाच्या सावलीत झोपविलेली मुले ट्रॅक्टरखाली सापडल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. तेथील आईला तल्लीनता आलेली नसते, तिला थकव्याने डोळ्यांपुढे अंधारी आलेली असते; आणि ते मूल परत येत नाही. जेथे पाळणाघर नाही तेथे गोरोबांचे नाव घेण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.

थकव्याचा आणि अध्यात्माचा संबंध एका परदेशी विदुषीने स्वतः भोगून तपासला आहे. फ्रान्समधील सिमोन वेल ही तत्त्वज्ञानाची तरुण शिक्षिका डिसेंबर १९३४ मध्ये पॅरिसच्या कारखान्यात साधी कामगार म्हणून दाखल झाली आणि १९३५ च्या उन्हाळ्यापर्यंत तिने तीन कारखान्यांत काम केले. पुढे ती गूढवादाकडे वळली. एकाग्र अवधान हीच प्रार्थना, असे तिचे मत झाले. तेव्हा अध्यात्माची वैरीण म्हणून तिला बाजूला सारता येणार नाही. परंतु कारखान्यातील टिपणांत तिने काय नोंदविले? सतत घाई, वरून हुकूम आणि अंगभर शीण असला की माणूस आधी विचार करणे थांबवितो, कारण विचार केला तर दुःख सहन होत नाही. ज्या कामात अवधानच मरते तेथे प्रार्थना कशी जगेल? काम पवित्र व्हावयाचे असेल तर आधी ते माणसाच्या ताकदीत बसले पाहिजे. विसावा ही चैन नव्हे. परमार्थाची ती पूर्वअट आहे.

कोणी म्हणेल की श्रम हीच पूजा, हे तत्त्व तर बाराव्या शतकात कल्याणच्या शरणांनीही मांडले होते. खरे आहे, आणि त्यांची परंपरा तर आपल्या दाराशी आहे. मन्मथस्वामींची समाधी मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. पण बसवण्णांच्या विचारात कायक हा शब्द एकटा येत नाही. त्याला दासोहाची जोड आहे. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम आणि दासोह म्हणजे त्या श्रमाचे फळ समाजात वाटून घेणे. आयदक्की मारय्या कल्याणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून गुजराण करी. एके दिवशी त्याने गरजेपेक्षा अधिक दाणे आणले तेव्हा त्याची बायको लक्कम्मा हिने त्याला ते परत टाकून येण्यास सांगितले. जादा साठा हा कायकाला बट्टा आहे, हे तिला कळत होते. युरोपात श्रमाला ईश्वरी बोलावणे मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथांचे काय झाले, याचे विवेचन माक्स वेबर याने १९०४-०५ मध्ये केले आहे. कष्ट पवित्र ठरले, साठविणेही पवित्र ठरले, वाटून घेण्याचे कलम मात्र तेथे नव्हते; कालांतराने श्रद्धा विरून गेली आणि सक्तीच्या श्रमाचे पोलादी कवच तेवढे शिल्लक उरले. मोळीपूजनाच्या व्यासपीठाला कायक हवे आहे आणि दासोह नको आहे. पूजा मजुराने करावी आणि प्रसाद मात्र कारखाना, मुकादम व सावकार यांनी वाटून घ्यावा, या व्यवस्थेला बसवण्णांचे नाव देता येणार नाही.

आता आपल्या घरच्या मंडळींशी दोन शब्द. आमचा तरुण मित्र म्हणतो, हे सारे सोडून द्या. मार्क्सने धर्माला अफू म्हटले, एवढे आपल्यातील पुष्कळांना पाठ असते. त्याच ठिकाणी धर्म हा खऱ्या दुःखाचा आविष्कार आहे आणि त्या दुःखाविरुद्धचा निषेधही आहे, असे मार्क्सने म्हटले आहे, हे मात्र फार थोड्यांनी वाचलेले असते. आपण अफू म्हणून जे फेकून देतो ते आपल्या माणसाच्या जवळचे एकमेव स्वाभिमानाचे साधन असू शकते. पंधरवड्याची वारी करणाऱ्या, गळ्यात माळ घातलेल्या ऊसतोड मजुरापुढे जाऊन आपण 'देव थोतांड आहे' म्हणून भाषण सुरू केले, तर तो आपले ऐकून घेईल, चहा पाजील आणि मत त्या व्यासपीठावरच्या पाहुण्यांनाच देईल. त्याचा देव त्यांच्या ताब्यात आपणच देत आहोत.

आपल्या चळवळीतील थोरांनी ही चूक केली नाही. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस पंढरपूरला उपोषण केले ते विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून. चोखोबांची समाधी ज्या देवळाच्या दाराबाहेर होती त्या दारातून चोखोबांच्या वंशजांनी आत जावे, या मागणीसाठी त्यांनी प्राण पणाला लावले. देव असो वा नसो, हा वाद त्यांनी घातला नाही. देव कोणाचा, हा प्रश्न त्यांनी विचारला. स्वामी रामानंद तीर्थ तर संन्यासी होते. ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी कामगार चळवळीत उमेदवारी केली, मराठवाड्यात येऊन राष्ट्रीय शाळांतून शिकविले, आमच्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेला आकार दिला आणि निजामाविरुद्धचा लढा उभारला. भगव्या वस्त्रांतला हा माणूस मठात बसला नाही. वर्ग घेणे, वर्गणी गोळा करणे, तुरुंगात जाणे, हीच त्याची साधना होती.

मला स्वतःला ही गोष्ट पुस्तकांच्या कितीतरी आधी कळली होती, फक्त तिला नाव देता येत नव्हते. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमची आई गावाजवळच्या खडी केंद्रावर जाई. मजुरी मोजमापावर मिळे. जितका खडीचा ढीग, तितके पैसे. त्या केंद्रावर एक बाळंतीण येई. ओल्या अंगाने, पाटीत तान्हे मूल घेऊन. तिचा हातोडा चालत नसे. संध्याकाळी मोजणीची वेळ आली की माझी आई आणि इतर चार-पाच जणी आपापल्या ढिगातील एकेक पाटी तिच्या ढिगावर ओतीत. कोणी सांगितलेले नसे, कोणी बोलत नसे. मोजणाऱ्या माणसालाही ते दिसत असावे, पण तो मान वळवी. मी एकदा आईला हिशेब विचारला, की आपली पाटी तिकडे गेली म्हणजे आपले किती पैसे गेले? आई म्हणाली, "पाटी गेली, पैशे गेले. मग काय तिला गेलेली बघायची व्हय?"

माझी आई पोथी वाचणारी नव्हती; तिला अक्षरओळखही नव्हती. तिला कोणी अध्यात्म विचारले असते तर ती हसली असती. पण रोजच्या कामातील परमार्थ म्हणून मला काही ठाऊक असेल तर ती त्या पाच पाट्या. आणि एवढेही ध्यानात घ्यावे की खडी फोडणे त्यामुळे पवित्र झाले नाही. दगड फोडावा लागणे हे दुर्दैवच होते. त्या दुर्दैवाच्या अनुभवातून आणि त्याविरुद्ध निघालेल्या मोर्चांतून पुढे महाराष्ट्रात १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. कामाचा हक्क कायद्याने मान्य झाला. माझ्या आईची पाटी आणि तो कायदा यांत मी जातीचा फरक मानीत नाही. एकीने एका बाळंतिणीचा ढीग एका दिवसापुरता भरला. दुसऱ्याने हजारोंचा भरण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. हात लावण्याचीच ही दोन रूपे आहेत. फडात तहानलेल्याला पाणी देणे आणि तळावर नळ यावा म्हणून मोर्चा काढणे, यांपैकी पहिले तेवढे अध्यात्म आणि दुसरे मात्र राजकारण, अशी वाटणी ज्यांच्या सोयीची आहे त्यांनी ती केलेली आहे. आपण ती मान्य करण्याचे कारण नाही.

राज्यकर्त्यांना संतांची नावे हवी असतात. २०२१ मध्ये ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर झाली. नाव अगदी योग्य आहे. पाटोदा तालुक्यातील सावरगाव घाटला जन्मलेल्या भगवानबाबांनी या डोंगराळ मुलखातील माणसांना शिक्षणाचा आग्रह धरण्यास शिकविले. ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ निघाले, त्यासाठी गाळलेल्या उसावर टनाला १० रुपये घेण्याचे ठरले. हेही योग्यच झाले. पण पाटीवर नाव लिहून हात लागत नाही. आपल्या तालुक्यातील वसतिगृहात हंगामाच्या पहिल्या दिवशी किती मुले राहावयास आली, किती खाटा रिकाम्या राहिल्या आणि त्या मुलांपैकी किती जण आईबापांबरोबर फडावर गेले, याची यादी आपल्या प्रत्येक तालुका शाखेजवळ असली पाहिजे. नसेल तर संतांच्या नावाचा व्यापार करणाऱ्यांना बोल लावण्याचा आपला अधिकारही अर्धाच आहे.

म्हणून येत्या हंगामासाठी मी चार मागण्या आणि एक काम सुचवितो. पहिली मागणी, उचलीचा करार लेखी असावा, त्याची प्रत मजुराजवळ असावी आणि तो नवरा-बायको दोघांच्या स्वतंत्र नावांनी व्हावा. अर्ध्या कोयत्याला नाव नसते, बाईला असते. दुसरी, आजार, पाळी आणि बाळंतपण यांचा खाडा धरणे बंद व्हावे. तिसरी, प्रत्येक तळावर पाणी, शौचालय आणि पाळणाघर असल्यावाचून त्या कारखान्याला गाळपाचा परवाना मिळू नये. चौथी, आठवड्यातून एक दिवस कोयता पूर्ण बंद राहावा आणि त्या दिवसाची मजुरी मिळावी. प्रवचनकार मंडळींना मजुरांच्या आत्म्याची खरीच काळजी असेल तर त्यांनी या चौथ्या मागणीवर पहिली सही करावी; आत्म्याकडे पाहावयास निदान एक मोकळा दिवस लागतो.

आणि काम? दसऱ्याला आपल्याकडे सीमोल्लंघन होते. इतरांचे सीमोल्लंघन वेशीबाहेरच्या आपट्यापर्यंत असते. आमच्या टोळ्यांचे मात्र दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकापर्यंत. त्या निघण्यापूर्वी आपल्या कार्यकर्त्यांनी एकेका तांड्यावर, वस्तीवर संध्याकाळी जाऊन बसावे आणि प्रत्येक कोयत्याची उचल, दर आणि मुकादमाचे नाव एका वहीत लिहून ठेवावे. टोळी परतली की पुन्हा जाऊन किती टन भरले, किती खाडे पडले, किती फिटले, किती उरले, ते त्याच वहीत लिहावे. ज्याला वजनकाट्याचे आणि कापाकापीचे कळते त्याने ते दुसऱ्याला समजावून द्यावे. मी अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविले. निवृत्तीनंतर गेली काही वर्षे अशा वह्या लिहावयास बसतो. गेल्या वैशाखात एका बाईचा हिशेब तपासताना एकाच दिवसाचा खाडा दोनदा धरलेला सापडला. पाचशे रुपयांची गोष्ट. ती बाई वहीकडे बराच वेळ पाहात राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी तवा खोटं बोलत नव्हते." हंगामभर मुकादमाने आणि नवऱ्यानेही तिला खोटे पाडले होते.

वर्गात चाळीस वर्षे जे सुख मला क्वचित मिळाले ते त्या संध्याकाळी मिळाले, हे मी मोकळेपणाने सांगतो. त्याला अध्यात्म म्हणावे की वर्गजागृती, हा वाद तरुणांनी सवडीने घालावा. मोळी बांधून तयार आहे, बाई हाक मारीत आहे. आधी हात लावू.